बाळासोच्या वहीतील त्रेचाळिसावी नोंद

शिवाजी पेठ, कोल्हापूर
९ जानेवारी २०२५

संयोगिता,

पत्राच्या आरंभी आशीर्वाद लिहिण्याची रीत आहे. मी ते जाणीवपूर्वक वगळले आहेत. ज्या भावाशी तू अकरा वर्षे बोललेली नाहीस, त्याने आशीर्वादाचा अधिकार गृहीत धरू नये. फोन मी दोनदा केला. दोन्ही वेळा माझा आवाज ऐकून तू तो ठेवलास. पत्र निदान फाडेपर्यंत तरी हातात राहते.

काम एकच आहे आणि ते एका पक्ष्याचे आहे.

एकोणीस महिन्यांपूर्वी मी एक बोलणारा पोपट घेतला. मूळचा आफ्रिकेतला, अंग राखाडी, शेपटी लाल. आपल्याकडचा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणे कायद्याने गुन्हा आहे. शाहूपुरीतला पक्षीविक्रेता आरिफ याच्याकडे मी प्रथम हिरवाच मागितला, त्याची परीक्षा म्हणून. तो म्हणाला, "हिरव्याचं नावच काढू नका सर. तुमी घरी जाशीला, मी आत जाईन." उत्तर योग्य होते. खरेदी त्याच्याकडेच करायची, हे मी तेथे ठरवले.

त्याने एक चार वर्षांचा पक्षी दाखवला. "ह्यो घ्या. फुल ट्रेन्ड हाय. नमस्कार म्हनतोय, शिट्टी मारतोय. शिव्या बी येत्यात, पर त्या आदल्या मालकाच्या." मी एकही शब्द न शिकलेले पिल्लू मागितले. आरिफला ते पटेना. "बोलका सोडून मुका कोन नेतंय सर? उद्या न्हाय बोलला तर माझ्या नावानं बोंब." मी त्याला सांगितले की मुळीच न बोलणारा पक्षी मला चालेल, दुसऱ्याचे बोलणारा चालणार नाही. या पक्ष्याच्या तोंडी येणाऱ्या प्रत्येक शब्दाचा उगम मला ठाऊक असला पाहिजे, एवढीच माझी अट होती. तिचे कारण या पत्रात येणार नाही.

त्याच्या निगेविषयी लिहिणे आवश्यक आहे. मोड आलेले मूग, मटकी, गाजर, मक्याचे कणीस द्यावे. सूर्यफुलाच्या बिया त्याला आवडतात म्हणूनच मोजक्या द्याव्यात. लवंगी मिरची तो काकडीसारखी खातो, कारण पक्ष्यांना तिखट जाणवत नाही. चहा आणि चॉकलेट वर्ज्य. अंधार आणि शांतता अकरा तास. दिवसातून दोन तास पिंजऱ्याबाहेर. एकटा पडला तर हा पक्षी स्वतःचीच पिसे उपटतो. आणि सर्वांत महत्त्वाचे: नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याची वाफ आपल्याला कळतही नाही, पक्षी मात्र काही मिनिटांत मरतो. माझ्याकडचा तवा मी पहिल्याच दिवशी माळ्यावर टाकला.

मी एक वही ठेवली आहे. तारीख, शब्द, उगम असे तीन रकाने. पहिली नोंद कुकरच्या शिट्टीची. दुसरी, शेजारच्या तालमीतल्या पोरांची "गोल" ही आरोळी. पुढच्या बहुतेक नोंदी धोंडुबाईच्या आहेत. ती बावीस वर्षे माझ्याकडे घरकाम करते. सकाळी एकदा आणि दुपारी दोनला पुन्हा येते, तिच्याकडे किल्ली असते. पक्ष्याचे नाव तिनेच ठेवले: बाळासो. मी वर्षभर त्याला पक्षी एवढेच म्हणत होतो.

आता मुद्दा. हा पक्षी पन्नास वर्षे जगू शकतो. मी शहात्तर वर्षांचा आहे. त्याची सरकारदरबारी नोंदणी आहे आणि मालक बदलल्यास कळवावे लागते. माझ्यानंतर तुझे नाव, तुझ्यानंतर तुझ्या लेकीचे, अनुजाचे, असे मी लिहून ठेवू का? होय अथवा नाही, एवढे कळवावे.

दादा

ता. क. वहीत काल त्रेचाळिसावी नोंद झाली. तिच्या उगमाचा रकाना रिकामा आहे.

२ फेब्रुवारी २०२५

संयोगिता,

उत्तर आले नाही. मौनाला मी नकार मानत नाही. मौन म्हणजे केवळ पुराव्याचा अभाव.

त्रेचाळिसावी नोंद शब्दशः देतो. "घरला न्या की वो मला. आय वाट बघत आसंल." त्यानंतर दाराची कडी तीनदा हलवल्याचा आवाज. बाळासो हे दिवसातून पाच-सहा वेळा म्हणतो.

आवाज म्हाताऱ्या पुरुषाचा आहे. घोगरा, शेवटच्या शब्दावर कापणारा. बाळासो माणसाचा आवाज हुबेहूब काढतो. धोंडुबाईच्या आवाजात तो मला रोज "सर, चा ठेवू?" असे विचारतो आणि मी अनेकदा फसून उत्तर देतो. म्हणून हा आवाजही कोणाचा तरी आहे, हे निश्चित.

क्रमाने जाऊ. पक्षी जे वारंवार ऐकतो तेच बोलतो. बाळासो चार महिन्यांचा असताना या घरात आला आणि त्यानंतर घराबाहेर गेलेला नाही. माझ्याकडे टीव्ही नाही, रेडिओ नाही. म्हणून हे वाक्य याच घरात, पिंजऱ्याच्या जवळ, पुष्कळ वेळा उच्चारले गेले आहे. या घरात नित्य वावरणारी माणसे दोन: मी आणि धोंडुबाई. तिचा आवाज बाईचा. आणि 'घरला', 'आय' ही बोली माझ्या तोंडी साठ वर्षांत आलेली नाही, हे तूही शपथेवर सांगशील. तेव्हा तिसरा माणूस आहे. सत्तरीच्या पुढचा, खेड्यातला, वरिष्ठांपुढे अजिजी करण्याची सवय असलेला. त्याची आई अजून वाट पाहते, हा त्याचा दावा त्याच्या वयाशी जुळत नाही. म्हणजे तो खोटे बोलतो किंवा भ्रमिष्ट आहे.

पुढचे निरीक्षण मला परवा सुचले.

आपल्या दाराला बाहेरून कोयंडा आहे आणि आतून कडी. दोहोंचा आवाज वेगळा. बाळासो जो आवाज काढतो तो आतल्या कडीचा आहे. म्हणजे हा माणूस बाहेरून आत येऊ पाहत नाही. तो आत आहे आणि बाहेर जाऊ पाहतो. हे लक्षात आले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, खोलीत ऊन होते, आणि मला मागे वळून पाहण्याचे धैर्य झाले नाही. किती वेळ तसा उभा होतो ते सांगता येणार नाही.

इतर बाबीही आहेत. माझ्या चपला दोनदा जिन्यावर सापडल्या. एकदा दार सताड उघडे होते. हे सर्व दुपारचे, मी दीड ते साडेतीन झोपतो त्या वेळेतले. मी कुलूप बदलले. नव्या किल्ल्या दोनच. एक धोंडुबाईला द्यावी लागली. दुपारी दाराकडे तोंड करून खुर्चीत बसून राहतो, पण डोळा लागतो. या वयात झोपेवर हुकूम चालत नाही.

तुझा सल्ला मागत नाही. मला काही झाले तर हे पत्र तुझ्याकडे असावे, इतकाच हेतू.

दादा

२४ फेब्रुवारी २०२५

संयोगिता,

प्रकरण मिटले आहे. ते कसे मिटले हे कळवणे माझे कर्तव्य समजतो, कारण मागील पत्राने तुला चिंता वाटली असण्याची शक्यता आहे. ती वाटली नसल्यास हा परिच्छेद वगळावा.

गुरुवारी दुपारी उग्र वासाने जाग आली. स्वयंपाकघरात गॅस मोठा होता आणि त्यावर रिकामा नॉनस्टिक तवा. तोच तवा, माळ्यावरचा. शिडी भिंतीला लावलेली. बाळासो त्या दिवशी उन्हासाठी गॅलरीत ठेवला होता आणि मधले दार लागलेले होते. केवळ म्हणून तो वाचला. तरीही चोच उघडी ठेवून धापा टाकत होता. मी सर्व खिडक्या उघडल्या आणि त्याला छातीशी धरून जिन्यात बसलो. त्याचे काळीज किती जलद चालते, हे मला पहिल्यांदा हाताला कळले. माझे त्याहून जलद चालत होते.

धोंडुबाई त्या दिवशी दोनऐवजी चारला आली. बसचे कारण सांगितले. मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिला समोर बसवून विचारले.

"दुपारी या घरात कोण येते?"

"कोन येनार सर? कोनबी न्हाय."

"मग बाळासो कोणाचा आवाज काढतो?"

तिने पिंजऱ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "पाखराचं काय मनावर घेताय. त्ये काय बी बोलतंय."

"तो काहीही बोलत नाही. ऐकलेले बोलतो. धोंडुबाई, तवा माळ्यावर आहे हे दोघांनाच ठाऊक होते, तुम्हाला आणि मला. मी झोपलो होतो. राहिले कोण?"

ती पदराने टेबलाची कड पुसत राहिली. मी वाट पाहिली. उत्तर देणाऱ्याला वेळ द्यावा, घाई करू नये, असे मी चौतीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवले.

"तुमी झोपला हुता," ती शेवटी म्हणाली. "व्हय. तुमी झोपलाच हुता सर."

"मग?"

"माझा चुलता हाय. म्हातारा हाय, डोस्कं ठिकानावर न्हाय त्येचं. उन्हाचं हितं आणून बशिवतो मी त्येला. चुकलं माझं."

"नाव काय त्याचे?"

"नाव कशाला? न्हाय यायचा आता."

मी तिला कामावरून काढले. तिने किल्ली टेबलावर ठेवली, बाळासोची वाटी धुऊन पालथी घातली. "गाजर किसून घाला त्येला. तुकडं खाली टाकतोय त्यो." दारात थांबून म्हणाली, "आनी सर, गॅस तेवढा खालनं बंद करून झोपत जावा."

कबुलीइतका बळकट पुरावा नाही. माझे अनुमान प्रत्येक अंगाने खरे ठरले: म्हातारा, खेड्यातला, भ्रमिष्ट. मी दाराला आतून वर एक नवा अडसर बसवून घेतला आहे. आता या घरात कोणी येऊ शकत नाही.

मला बरे वाटायला हवे होते.

दादा

११ मार्च २०२५

संयोगिता,

तुझे कार्ड मिळाले. अकरा वर्षांनंतर एक ओळ: "दादा, दुपारी मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून झोपा, आणि धोंडुबाईला परत बोलवा." पक्ष्याच्या वारसाविषयी शब्द नाही. खाली सहीसुद्धा नाही.

कार्ड वाचून मला राग आला. तू निष्कर्ष आधी काढतेस आणि कारणे मागाहून शोधतेस, ही तुझी लहानपणापासूनची खोड आहे, असे उत्तर मी लिहिले आणि फाडले. कारण सांगतो.

धोंडुबाई गेल्याला अठरा दिवस झाले. बाळासोने छातीवरची पिसे उपटली आहेत. तळहाताएवढी जागा उघडी पडली आहे, कातडी लाल दिसते. डॉक्टरांनी तपासले, आजार नाही. "घरातलं कुणी गेलं का?" असे त्यांनी विचारले. मी कामवाली गेली म्हणालो. ते म्हणाले, "तुमच्यासाठी कामवाली, सर. त्याच्यासाठी निम्मं घर."

हे एक. दुसरे असे की बाळासो नवे बोलू लागला आहे. एक्कावन्नावी नोंद, तारीख ८ मार्च: "कोन हाय का हितं? समदी कुटं गेली?" आवाज तोच. घोगरा, कापणारा.

चुलता येत नाही. धोंडुबाई येत नाही. कुलूप नवे, किल्ल्या दोन्ही माझ्याकडे, अडसर आतून. बंद घरात पक्ष्याने हे वाक्य शिकले, आणि गेल्या अठरा दिवसांतच शिकले. एकेक पर्याय मी खोडत आलो. शेवटचा उरला आहे. तो कागदावर उतरवण्यासाठी मी तीनदा पेन उचलले.

रेकॉर्डिंगची युक्ती मला सुचली नव्हती, असा तुझा समज असेल तर तो चुकीचा आहे. ती मला जानेवारीतच सुचली होती. मोबाईल रोज उशाशी असतो. रोज दुपारी त्याच्याकडे हात जातो आणि परत येतो. मी भित्रा आहे, असे कोणी म्हटले असते तर मी त्याच्याकडे उदाहरण मागितले असते. हे घे.

दादा

१६ मार्च २०२५

संयोगिता,

काल लावले.

एक वाजून पस्तीस मिनिटांनी सुरू केले. पहिली छत्तीस मिनिटे श्वास आणि बाहेरून तालमीच्या पोरांचा चेंडू. मग खाटेची करकर. अनवाणी पावले, फरपटत जाणारी. कडी: एकदा, दोनदा, तीनदा. वरचा अडसर मी फेब्रुवारीत बसवला. त्या माणसाला तो ठाऊक नाही. तो कडी काढतो आणि दार का उघडत नाही हे त्याला समजत नाही.

मग आवाज आला. "कोन हाय का हितं? घरला न्या की वो मला."

मी तो ओळखला नाही, संयोगिता. हे नीट समजून घे. सर्व दारे बंद होती, घरात मी एकटा होतो, हे मला ठाऊक होते. तरीही कानांना तो परकाच वाटला. आपला आवाज आपण आतून ऐकतो, बाहेरून तो निराळाच असतो, हे मी वर्गात शिकवलेले आहे. त्याचा काही उपयोग झाला नाही.

पक्ष्याने त्याला ओळखले. बाळासो धोंडुबाईच्या आवाजात म्हणाला, "सर, चा ठेवू?" आणि त्या माणसाने उत्तर दिले, "नगं. घरला जायाचं हाय."

चार मिनिटे हे चालले. मग पावले परत, खाट, श्वास. साडेतीनला मी उठलो तेव्हा मला काही म्हणजे काही आठवत नव्हते. तोंडाला कोरड होती, एवढेच.

काही गोष्टी पूर्वीच सांगायला हव्या होत्या. पक्षी मी सोबतीसाठी घेतला नाही. साक्षीदार म्हणून घेतला. पावणेदोन वर्षांपूर्वी रंकाळ्यावरून परत येताना तालीम कोणत्या अंगाला आहे हे मला आठवेना. मी एका पानपट्टीपाशी उभा राहिलो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहत राहिलो. मग आठवले. त्याच आठवड्यात मी आरिफच्या दुकानात गेलो. माणसांना विचारले असते तर त्यांनी दया दाखवली असती. दया दाखवू न शकणारा, आधीचे काहीच न शिकलेला साक्षीदार मला हवा होता. साक्षीदार उत्तम निघाला. त्याने खरे सांगितले तेव्हा मी धोंडुबाईला घराबाहेर काढले.

आणि ती बोली. आठवीत मला वडिलांनी गावाहून आणून बोर्डिंगात ठेवले तेव्हा तू चार वर्षांची होतीस. पहिल्या वक्तृत्व स्पर्धेत मी "म्या सांगतुया" म्हणालो आणि सभागृह हसले. रेक्टरांना मी रोज संध्याकाळी एकच विनवणी करीत असे, तीच ही. सहा महिन्यांत मी ती भाषा सोडली. पुढे आईशीही पुस्तकी बोलू लागलो. तिला त्याचे वाईट वाटे, हे तूच मला सांगितले होतेस.

आईविषयी लिहिल्याशिवाय हे पत्र पूर्ण होत नाही. तिच्या शेवटच्या आजारातले सहा महिने येथे गेले. ती म्हणे, मला घरी न्या. मी तिच्यासमोर विजेचे बिल ठेवत असे. हे नाव कोणाचे? माझ्या लेकाचं. हा पत्ता कोणता? हितलाच. हा लेक कोण? तू. मग तू कोठे आहेस, आई? प्रत्येक प्रश्नाला ती बरोबर उत्तर देई आणि शेवटच्या प्रश्नाला रडू लागे. तू आलीस की तिचा हात धरून तिला गल्लीच्या टोकापर्यंत नेत असस आणि वळसा घालून परत आणत असस. "बघ आई, आलं घर." ती हसून आत येई. मी तुला चार माणसांत म्हणालो की आजारी आईला फसवणे हे सेवेत मोडत नाही. त्याच आठवड्यात तू तिला तुझ्याकडे बेळगावला नेलेस. ती तेथेच गेली. दहाव्याला मी आलो तेव्हा तू माझ्याकडे पाहिले नाहीस.

त्या सर्व वादात माझे एकही विधान खोटे नव्हते. अकरा वर्षे मी स्वतःला एवढेच सांगत आलो.

आता पावणेदोन झाले आहेत. झोप येऊ लागली आहे. मी खुर्चीतून उठून उभा राहून लिहितो आहे.

दादा

६ एप्रिल २०२५

संयोगिता,

तुझे दुसरे कार्ड आले. बाळासोसाठी तुझे व अनुजाचे नाव घालावे, असे लिहिले आहेस. ते केले. पक्ष्याला तू होकार दिलास. माझ्याविषयी काही लिहिले नाहीस. मी विचारलेही नव्हते. या पत्रात विचारणार आहे.

धोंडुबाईला आणायला मी स्वतः गेलो. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. उठली नाही.

"चुलता बरा आहे का?" मी विचारले.

"बरा हाय म्हनायचा," ती तांदळात बोट फिरवत म्हणाली. "जेवतोय का न्हाय, तेवढं ठावं न्हाय."

"तुम्ही मला सांगितले का नाही?"

"काय सांगायचं? तुमी आदी तारीक विचारली असती, मग येळ, मग साक्षीदार कोन. आनी शेवटाला तुमीच जितला असता की सर."

"म्हणून खोटी कबुली दिलीत?"

"मग काय तुमच्या तोंडावर बोलू व्हय? बावीस वरसं मीठ खाल्लंय." थोड्या वेळाने तिने सूप बाजूला ठेवले. "पाखरू कसं हाय?"

मी सांगितले. ती आत गेली, लुगडे बदलून आली आणि माझ्या पुढे चालू लागली. "किती उपाटलीत पिसं? आनी तुमी बघत बसलासा?" हे ती रस्ताभर बोलत होती. दुपारचे दोन्ही तास ती आता येथेच असते. वरचा अडसर तिने काढून टाकायला लावला. बाळासोच्या छातीवर बारीक करडी लव दिसू लागली आहे. पिसे यायला दोन महिने लागतील, असे डॉक्टर म्हणाले.

माझ्या डॉक्टरांकडे २१ तारखेला सकाळी अकरा वाजता जायचे आहे. मेंदूचा फोटो काढतील, स्मरणाची परीक्षा घेतील. सोबत घरातील माणूस असावे, असे त्यांनी दोनदा बजावले. कारण रुग्णाचे म्हणणे या बाबतीत ग्राह्य धरता येत नाही. हा नियम योग्य आहे. मीही तो केला असता. घरातील माणूस म्हणून माझ्याकडे तुझ्याखेरीज कोणी नाही. येशील का? क्षमा अजून मागितली नाहीस, असे म्हणशील तर ऐक: मागतो. आईची मागायला मी उशीर केला.

आणि पुढे जर मी ते वाक्य तुझ्यासमोर म्हणालो, तर माझ्यापुढे बिल ठेवू नकोस. मी बरोबर उत्तरे देईन आणि त्याचा मला काही उपयोग होणार नाही.

मला फार भीती वाटते. मरणाची म्हणत नाही. ते समजण्यासारखे आहे. झोपेतून कोण उठेल याची भीती वाटते. उशीला पाठ लावण्यापूर्वी मी स्वतःला नाव, वार, पत्ता विचारतो. पूर्वी एकदा विचारत असे. आता तीनदा विचारतो.

गुरुवारी मी झोपलोच नाही. आरामखुर्चीत टक्क जागा होतो, वर्तमानपत्र हातात, सर्व काही स्पष्ट. सव्वादोनला माझ्या पाठीमागून बाळासो म्हणाला, "घरला न्या की वो मला." धोंडुबाई मोरीत भांडी घासत होती. तिने मान न वळवता हाक दिली, "चला की. चपला घाला, आलोच मी."

तो मी नव्हतो, पक्षी होता, हे तिला सांगायला एक शब्द पुरे होता. तो माझ्या जिभेवर आला होता. ती हात पुसत आली आणि दाराशी उभी राहिली. मी वर्तमानपत्र घडी घालून ठेवले आणि चपला घातल्या.

तिने माझे कोपर धरले. आम्ही जिना उतरलो. तालमीसमोर पोरे चेंडू खेळत होती. एक जण म्हणाला, "आजोबा, जरा कडंनं," आणि चेंडू पायाखाली धरून थांबला. आम्ही पुढे गेलो. पिठाच्या गिरणीवरून वळलो. ऊन फार होते, तिने स्वतःचा पदर डोक्यावर घेतला आणि मला भिंतीच्या सावलीकडे घेतले. सगळे मिळून दहा मिनिटे लागली असतील. जिन्यापाशी आलो तेव्हा मी कठडा दोन्ही हातांनी धरला.

"आलं का सर घर?" तिने विचारले.

"आलं," मी म्हणालो.

त्या वेळी मी पूर्ण शुद्धीवर होतो, एवढी नोंद तुझ्यापाशी असावी.

दादा